बाणाखालची जाहिरात

कुणाचाही नवा कॉम्प्युटर हातात आला, की मी आधी त्याची दारं-खिडक्या लावून घेते. म्हणजे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरायचं, प्रायव्हसीची पाटी शोधायची आणि आपल्या मागावर राहणाऱ्या कुकीज बंद करून टाकायच्या. भाच्या हसतात. "मावशी, एवढं काय लपवायचंय गं तुला?" म्हणतात. लपवायचं काही नाही. पण मी कुठे गेले, काय पाहिलं, किती वेळ थांबले, हे कुणा परक्याने टिपून ठेवावं याचा मला राग येतो. आणि राग मला चटकन येतो, हे घरात सगळ्यांनी मान्यच केलेलं आहे.

फक्त एका कॉम्प्युटरची लावलेली दारं मी माझ्या हातांनी परत उघडली. ते कसं झालं, ते सांगते.

माझं माहेर मनमाडचं. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नाशिकला राहून मी कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली आणि तिथल्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कंपनीत दीड वर्ष नोकरी केली. काम टेस्टिंगचं होतं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दिवसभर शोधायच्या, त्या त्याला तोंडावर सांगायच्या, आणि वर पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाच्या बाईला याहून चांगलं काम देवानेही शोधून दिलं नसतं.

मग लग्न ठरलं. साधारण दोन हजार सात सालची गोष्ट. सासर नाशिकजवळच मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. गुलाब, शेवंती, झेंडू आणि थोडी द्राक्षं. बैठकीत नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांनी घसा साफ करून सांगितलं, "आमच्यात सुना नोकरीला जात नाय. घरचंच काम पुरून उरतं." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी सतरंजीकडे पाहिलं. होणारे सासरे दारापाशी सुपारी कातरत बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. यांचंही तेच म्हणणं आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. मुलगा मला आवडला होता. मी होकार दिला आणि अंबडची नोकरी सोडली.

वडिलांच्या मनाला ते लागलं असावं. त्यांनी माझा कॉम्प्युटर संसाराच्या भांड्यांबरोबर टेम्पोत चढवून दिला. सासरी त्याला बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी जागा मिळाली. सासूबाई त्याला पेटी म्हणायच्या. दसऱ्याला ट्रॅक्टर, फवारणीचा पंप आणि पेटी, अशा ओळीने झेंडूच्या माळा चढायच्या.

त्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासरे घरात शिरण्याआधी ओट्यावर खाकरायचे, मी पदर सारखा करून स्वयंपाकघरात सरकायची. त्यांना मला काही सांगायचं असलं, की ते सासूबाईंना सांगत आणि मी दोन हातांवर उभी असले तरी सासूबाई ते मला पुन्हा सांगत. सासूबाई जवळपास नसल्या, की वस्तू बोलायच्या. स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवर सदरा दिसला, म्हणजे बटण तुटलंय. ओट्यावर रिकामा तांब्या, म्हणजे पाणी पाहिजे. पेटीपुढे औषधाची नवी बाटली, म्हणजे हे औषध कसं आहे ते पेटीत बघा. वर्षभरात ही भाषा मला इतकी यायला लागली, की सदरा दिसला की मी आधी सुईत दोरा ओवायची आणि मग कुठलं बटण ते बघायची.

सासऱ्यांना कॉम्प्युटर शिकवला, तोही असाच. द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडते ती हवेवर, आणि हवेचा अंदाज पेटीत दिसतो, हे त्यांना मुलाकडून कळलं होतं. मुलगा फुलं घेऊन बाजारात गेलेला असायचा, तेव्हा शिकवायला उरले मी. सासरे खुर्चीवर, मी स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी, आणि मध्ये शेंगा सोलत सासूबाई.

"आत्याबाई, त्यांना सांगा, डावं बटण दाबा."

"अहो, डावं बटण दाबा म्हणती ती."

"दाबलं."

"दाबलं म्हणत्यात."

"आता काय दिसतंय विचारा."

"काय दिसून राह्यलं ओ?"

"तिला सांग, लय काय काय दिसून राह्यलं. त्यातलं बघू काय?"

हसू आवरायला मला पदर तोंडात धरावा लागे. पण पंधरा दिवसांत ते हवा बघायला शिकले. क्रिकेटचा स्कोअर तर त्याच्याही आधी शिकले. शाळा जेमतेम दहावीपर्यंत झालेली, आणि इंग्रजी शिकले ते औषधाच्या बाटल्यांवरून. त्यामुळे मोठ्या लिपीतलं इंग्रजी ते सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचत. पेटी बंद करण्याची त्यांची शिस्त माझ्याहून कडक होती. एकेक खिडकी मिटायची, पडदा काळा होईपर्यंत थांबायचं, मग वर सासूबाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घालायचं. एक दिवस चुकत नसत.

माझी फुलांची तोडणी सकाळची असायची. दुपारी सगळी माणसं शेडमध्ये फुलांच्या जुड्या बांधत बसली, की मी भांड्यांच्या निमित्ताने घरी थांबायची आणि अर्धा तास पेटीपुढे बसायची. नोकऱ्यांच्या साइट उघडायची. सुरुवातीला नुसतं बघायला, की आपलं काम जगात अजून शिल्लक आहे ना. मग नीट वाचायला लागले. अंबड, सातपूर, पुणे. शेवंती तोडण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. पण त्या कामात डोकं रिकामं राहायचं, आणि रिकामं डोकं मला दिवसभर चावायचं. मला परत नोकरी करायची होती. इतकी करायची होती, की ते नवऱ्याला सांगायचाही धीर होत नव्हता. तो नाही म्हणाला असता तर मग बघण्यातही अर्थ उरला नसता.

उठताना मी हिस्ट्री पुसून टाकायची. स्वतःच्या हुशारीवर खूश असायची.

एक दिवस सकाळची तोडणी आटोपून मी बाहेरची खोली झाडायला आले, तर पेटीवर कव्हर नव्हतं. पडदा चालू. सासरे हवा बघून मळ्यात गेले होते. हवेच्या पानावर उजव्या बाजूला एक चौकोन होता. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, टेस्टिंगचा अनुभव आहे का, पुण्यात जागा आहेत. ज्या साइटवर मी दुपारी बसायची, तिचीच ती जाहिरात. आणि माउसचा बाण नेमका त्या चौकोनावर आणून ठेवलेला.

मी केरसुणी खाली ठेवली. कव्हर घालायला विसरणारा हा माणूस नव्हे. या घरात ठेवलेल्या वस्तू बोलतात, हे मला माहीत होतं. मग ही काय बोलत होती? आम्हाला कळलंय, असं बोलत होती. तुमचं मन कुठे असतं ते आम्हाला कळलंय.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी क्रिकेटचं पान, जाहिरात नाशिकमधल्या नोकरीची, बाण तिच्यावर. आठवड्याने तिसऱ्यांदा. जेवताना सासरे नेहमीसारखेच असत. "तिला म्हण, भाजी बरी झाली." मला वाटे, किती मुरलेला माणूस आहे, शब्द न बोलता रोज चिमटा काढतो. मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यात जास्त त्या कॉम्प्युटरचा आला. माहेरून आणलेला, माझा स्वतःचा, आणि त्यानेच चुगली करावी? कुंपणानेच शेत खाल्लं, आणखी काय.

पण हिस्ट्री तर मी पुसत होते. मग हे फुटलं कसं? अंबडला माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मोबाइलवरून फोन लावला. ती पोट धरून हसली.

"अगं, वणीच्या देवीच्या गडावरून आलेल्या माणसाला विचारावं लागतं का, कुठून आलास? कपाळावर कुंकू असतंच की. तू त्या साइटवर गेलीस, तिथे जाहिरात लावणाऱ्याने तुझ्या ब्राउझरच्या कपाळाला गुपचूप बोट लावलं. त्यालाच कुकी म्हणायचं. हवेच्या पानावरही जाहिराती लावणारा तोच. त्याने कपाळ बघितलं आणि ओळखलं, नोकरी शोधणारं गिऱ्हाईक आलं."

"पण तिथे माझे सासरे बसले होते!"

"खुर्चीत कोण बसलंय ते त्याला कुठे दिसतंय? त्याला ब्राउझर दिसतो."

"मी हिस्ट्री पुसते गं रोज."

"पावलं पुसलीस बाई. कपाळ तसंच राहिलं."

त्याच दुपारी मी कपाळ पुसलं. जुन्या कुकीज होत्या नव्हत्या तेवढ्या काढून टाकल्या. मग तिने सांगितलं तसं प्रायव्हसीत गेले. ज्या साइटवर आपण जातो तिच्या कुकीजना परवानगी, आणि थर्ड पार्टी, म्हणजे मध्येच घुसणाऱ्या तिऱ्हाइतांच्या कुकीजना ब्लॉक. हवेचं पान उघडून पाहिलं. नोकरीचा चौकोन गेला होता आणि तिथे मोबाइलच्या रिंगटोनची जाहिरात नाचत होती. आतून कडी लावून घेतल्यासारखं मला सुरक्षित वाटलं.

नोकऱ्यांच्या साइटवर मी पुन्हा गेले नाही. भीतीच बसली होती. दुपारी खरोखरच भांडी घासायला लागले.

पेटीवर रोज कव्हर दिसू लागलं. सासरे मात्र हवा बघून झाल्यावरही बसून राहत. पान वर ओढत, खाली ओढत, क्रिकेटचं पान उघडून त्याचे कोपरे बघत, मग कव्हर घालून उठत. एकदा मी भाकरी थापत असताना बाहेरून आवाज आला, "तिला विचार, पेटीत पहिल्यासारखं सगळं येतं का आता?"

"पहिल्यासारखं येतं का, इचारून राह्यले," सासूबाई दारात येऊन म्हणाल्या.

मला वाटलं, खोदून बघतायत. तव्यावर भाकरी टाकून मी जरा ठसक्यातच म्हणाले, "त्यांना सांगा, जे नको होतं ते मी बंद केलंय."

"नको होतं ते बंद केलं म्हणती."

बाहेर खुर्ची सरकली. मग सासरे म्हणाले, "बरं." पुढे 'तिला सांग' नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

दसरा गेला, दिवाळी गेली. द्राक्षाची छाटणी होऊन वेलींना घड दिसायला लागले. दवाचे दिवस सुरू झाले आणि एका सकाळी नवऱ्याचा मळ्यातून घाईघाईचा फोन आला. पानांवर भुरी दिसत होती. सासरे पहाटेच पिंपळगाव बसवंतला कामाला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. "बाबांची फवारणीची वही बघ," तो म्हणाला. "शेवटचं औषध कुठलं मारलं आणि कधी, ते सांग पटकन."

ती लांबोडकी वही टीव्हीवरच्या फळीवर असायची. मी तिला कधी हात लावला नव्हता. घाईत मी ती उलटीच उघडली, मागच्या बाजूने.

मागच्या पानावर बॉलपेनने, बाटलीवर असतात तशा मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. सॉफ्टवेअर टेस्टिंग, एक ते तीन वर्षं अनुभव, अंबड. तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली. पुढची ओळ, टेस्टिंग इंजिनिअर, पुणे. शेजारी मराठीत, "लांब आहे. पण सकाळची बस आहे." घरबसल्या डेटा एंट्री, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. मध्येच एक, अभिनंदन, आपण आजचे भाग्यवान पाहुणे आहात, आणि त्याच्यापुढे, "हे कशाचं? सूनबाईंना दाखवणे." प्रत्येक ओळीला तारीख, औषधाला घालत तशीच. अशी चार पानं. तीन ओळींपुढे बरोबरची खूण होती आणि लिहिलं होतं, "दाखवलं."

त्या तीन तारखा मला पाठ होत्या.

चौथ्या पानाच्या शेवटी इंग्रजी नव्हतं. नुसतं एवढंच, "येणं बंद. सूनबाई नको म्हणाल्या. आग्रह करू नये."

"अगं, सापडलं का?" फोनमधून नवरा ओरडत होता. मी वही सरळ केली, औषधाचं नाव आणि तारीख वाचून दाखवली, फोन ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. त्या माणसाने तांब्या ठेवला, मला कळला. सदरा ठेवला, कळला. ते सगळं त्यांच्या कामाचं होतं. आणि आयुष्यात एकदा त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं, तर मी त्याला टोमणा समजले. अक्षर अक्षर लावून वाचलेली ती जाहिरात त्यांनी माझ्यापुढे धरली होती, आणि मी ठसक्यात नको म्हणून सांगितलं होतं. मला माझी फार लाज वाटली.

शेडमध्ये जाऊन मी सासूबाईंना वही दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "मला काय ठावं बाई, मी आपली टपालवाली," त्या म्हणाल्या. मग जुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता थांबल्या. "पण बैठकीहून घरी आलो तवा म्हणले होते. एवढी शिकलेली पोर, तिला फुलं तोडाया लावायची, मला नाय पटत. मी म्हणलं, मंग तिथं का नाय बोलले? तर म्हणे, थोरल्या भावाच्या तोंडापुढं कसं बोलू?"

सासरे दुपारी परत आले आणि कात्री घेऊन गुलाबात गेले. त्यांचा चहा नेहमी सासूबाई नेत. त्या दिवशी मी नेला. पदर डोक्यावर घेतला, सरीच्या टोकाशी उभी राहिले आणि म्हणाले, "मामा."

ते दचकले. माझ्या मागे बघायला लागले, सासूबाई कुठे आहेत म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"मामा, मी ते घाबरून बंद केलं. नको होतं म्हणून नाही. मला नोकरी करायचीय."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्या मागे बघितलं. शेडपर्यंत नजर जाऊन आली. आता हे कुणाला सांगायचं आणि कुणी पोचवायचं, असा मोठा पेच त्यांना पडलेला दिसत होता. शेवटी ते हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाले, "मंग चालू करा ना ते परत. वही अडून पडली हाय."

आणि त्यांनी माझ्या हातातून चहा घेतला.

मी ब्लॉक काढला. पण तेवढ्याने काही होणार नव्हतं. कपाळ पुसलेलं होतं, जाहिरातवाल्यांना माझी ओळख राहिली नव्हती. सासऱ्यांनी हवेचं पान उघडलं, तर पुन्हा रिंगटोनच. ओळख पटायला मला त्या साइटवर परत जायला लागणार होतं, आणि आता दुपारपर्यंत थांबायचं मला कारण दिसेना.

दिवेलागणीला सगळे बाहेरच्या खोलीत होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या, नवरा पाय पसरून भिंतीला टेकला होता. आमची वही आणि आमचं बोलणं त्याला दुपारीच कळलं होतं, आणि 'मला आधी का नाही सांगितलंस' म्हणून तो थोडा रुसलेलाही होता. सासऱ्यांनी खुर्ची माझ्यासाठी सोडली आणि स्वतः बाजूला स्टूल ओढून बसले. त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. मला अवघडल्यासारखं झालं. मी साइट उघडली, अंबड लिहिलं, टेस्टिंग लिहिलं, आणि समोर यादी आली तशी भराभर खाली ओढायला लागले. दीड वर्षाची सवय होती, बोटं आपोआप चालत होती.

सासऱ्यांनी वही मागच्या बाजूने उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"हळू जरा, सूनबाई," ते म्हणाले. "लिहून घेऊ द्या."

सासूबाईंनी शेंगांवरून मान वर केली. "हळू म्हणत्यात," त्या मला सांगायला लागल्या.

"ऐकलं मी, आत्याबाई," मी म्हणाले.